पहिला रेग्युलेटर घेताना

प्रश्न: तारकर्लीला स्क्युबा डाइव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, मग अंदमानात ॲडव्हान्स्ड. वर्षाला दहा-पंधरा डाइव्ह होतात, बहुतेक मालवण आणि कर्नाटकातलं नेत्राणी बेट, कधी अंदमान. आता स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, हा पिस्टनवाला घ्या, मिनिटाला आठ हजार लिटर हवा देतो. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणारा माझा दादा म्हणतो, थंड पाण्यासाठी सील केलेलाच घे. माझा बडी (डाइव्हमधला जोडीदार) म्हणतो, सगळे सारखेच, स्वस्तातला बघ. योक की डिन (सिलिंडरला जोडायचे दोन प्रकार) हेही कळत नाही. पैसे एकदाच घालायचे आहेत. काय बघू? – मृणाल, पुणे

उत्तर:

मृणाल, तिघांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण तुम्ही पुण्यात राहता, म्हणून सगळ्यात आधी हे विचारा: दोन वर्षांनी हा रेग्युलेटर उघडून दुरुस्त कोण करणार?

रेग्युलेटरमधले ओ-रिंग (रबरी कड्या), सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिच्यावर टेकतो ती गादी) आणि फिल्टर ठरावीक काळाने बदलावेच लागतात. बहुतेक कंपन्या दरवर्षी तपासणी आणि वर्षा-दोन वर्षांनी किंवा शंभरेक डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिसिंग सांगतात. नेमकं काय ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत वाचा, कारण वॉरंटी त्यावरच टिकते. प्रत्येक कंपनीचं, अनेकदा प्रत्येक मॉडेलचं, सर्व्हिस किट वेगळं असतं. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी मुंबई, पुणे किंवा गोव्यात कोणत्या कंपनीचा प्रशिक्षित टेक्निशियन आहे, त्याच्याकडे किट असतं की मागवावं लागतं, आणि फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा भाग), सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) व ऑक्टोपस (बडीसाठीची जादा सेकंड स्टेज) अशा तिन्हींच्या सर्व्हिसिंगचा एकूण खर्च किती, हे फोन करून विचारा. सर्व्हिसिंगनंतर मधला दाब (हा काय ते पुढे सांगतो) किती ठेवला ते लिहून देता का, हेही विचारा. जो लिहून देतो त्याच्याकडे मोजायचं गेज आहे एवढं तरी कळतं. ज्या कंपनीचं किट इथे मिळत नाही ती कितीही नावाजलेली असली तरी यादीतून काढा. परदेशातून स्वस्तात आणलेल्या सेटची वॉरंटी इथला विक्रेता मानेलच असं नाही, तेही लेखी विचारून घ्या.

आता आतल्या यंत्राकडे वळू. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. फर्स्ट स्टेज तो उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त इतका ठेवते. यालाच मधला दाब म्हणतात. तोंडातली सेकंड स्टेज तो पुन्हा उतरवून पाण्याच्या दाबाइतका करते, आणि तेही तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच.

बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड हा फरक खरा महत्त्वाचा. साध्या, अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब उतरत गेला की मधला दाबही उतरतो. टाकीतलं पाणी तळाला गेल्यावर नळाची धार बारीक व्हावी, तसं साधारण ५० बारच्या खाली श्वास ओढायला जड जातो. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजची रचनाच अशी असते की सिलिंडरमध्ये २०० बार असोत की ४०, मधला दाब जवळपास तोच राहतो. स्क्युबाप्रोचा एमके२ किंवा क्रेसीचा एसी२ हे अनबॅलन्स्ड पिस्टन (आत सरकता दट्ट्या असलेले फर्स्ट स्टेज) आहेत. ते वाईट नाहीत. हलणारे भाग अगदी कमी, बिघडायला फारसं काही नाही, सर्व्हिसिंग स्वस्त, म्हणून जगभर शिकवायच्या सेटमध्ये असे फर्स्ट स्टेज दिसतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दहा-बारा मीटरवर तुम्हाला फरक जाणवणारही नाही. तुमच्या बडीचं म्हणणं तिथवर बरोबर आहे.

पण तुम्ही ॲडव्हान्स्ड केलंय, म्हणजे ३० मीटरपर्यंत जाणार. तिथला हिशेब करून बघा. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये ५० बार उरले म्हणजे ५५५ लिटर हवा. ३० मीटरवर दाब ४ बार. शांतपणे मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस तिथे ८० लिटर संपवतो. बडीची हवा संपून तो तुमच्या ऑक्टोपसवर आला की दोघांचे १६०, म्हणजे साडेतीन मिनिटं. घाबरलेल्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो, मग पावणेदोन मिनिटंच. वर येताना खर्च कमी होत जातो हे खरं, पण सुरुवातीचं ते मिनिट तिथेच जातं. खोली जास्त, सिलिंडर उतरलेला, एका फर्स्ट स्टेजवर दोन माणसं: अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेज नेमका याच क्षणी कमी पडतो. तुमच्या बेतात नेत्राणी आणि अंदमान आहे तेव्हा फर्स्ट स्टेज बॅलन्स्डच घ्या. इथे काटकसर नको.

दुकानदाराच्या आठ हजार लिटरचं काय? असे आकडे बहुधा भरलेल्या सिलिंडरवर, फर्स्ट स्टेज मोकळी सोडून मोजलेले असतात. श्वास सरळ रेषेत चालत नाही. ओढण्याच्या मध्यावर प्रवाह मिनिटाच्या सरासरीच्या सुमारे तिप्पट होतो. वरच्या उदाहरणातली दोन घाबरलेली माणसं एकाच क्षणी जोरात ओढत असली तरी पृष्ठभागाच्या हिशेबात मिनिटाला हजारेक लिटरची गरज लागते. तेवढं कुठलाही चांगला बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज देतो. आठ हजारांतले उरलेले सात हजार फक्त माहितीपत्रकात उपयोगी. प्रत्यक्षात हवा अडते ती सेकंड स्टेजच्या छोट्या व्हॉल्व्हपाशी, किंवा नीट न उघडलेल्या सिलिंडरपाशी. श्वास ओढताना गेजची सुई खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा फर्स्ट स्टेजचा फिल्टर तुंबलाय. पूर्ण उघडून अर्धा फेरा मागे घ्यायची जुनी सवय यासाठीच सोडा: उलट दिशेची गफलत झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊन जेमतेम अर्धा फेरा उघडलेला राहतो. बोटीवर श्वास व्यवस्थित येतो, वीस मीटरवर येत नाही.

आकडाच बघायचा असेल तर ईएन २५० हे युरोपियन मानक बघा. त्यात रेग्युलेटरची चाचणी ५० मीटरच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसनावर होते आणि श्वास घेण्या-सोडण्याचं काम लिटरमागे ३ ज्यूलच्या आत असावं लागतं. २०१४च्या आवृत्तीपासून फर्स्ट स्टेजवर ‘ईएन २५० ए’ अशी खूण असेल तर एकाच फर्स्ट स्टेजवर दोघांनी श्वास घेण्याची चाचणीही ३० मीटरच्या दाबाला झालेली असते. म्हणजे वरची परिस्थिती कोणीतरी यंत्रावर करून पाहिली आहे. दुकानात तो ‘ए’ शोधा.

दादाचं म्हणणं त्याच्या पाण्यासाठी शंभर टक्के बरोबर. हवा २०० बारवरून एकदम १० बारवर आली की ती जबरदस्त थंड होते. लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या खाणीत हिवाळ्यात पाणी एक अंकी अंशांत असतं. तिथे फर्स्ट स्टेजच्या स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा धो-धो वाहू लागते. म्हणून तिकडे स्प्रिंगचा कप्पा सील केलेला असतो. ‘> १०° से’ अशी खूण असलेला रेग्युलेटर १० अंशांखालच्या पाण्यासाठी नसतो. आपल्याकडचं पाणी २६ ते ३० अंशांचं, बर्फाचा प्रश्नच नाही.

तरीही सील केलेलाच घ्या असं आम्हीही म्हणू, पण कारण वेगळं: मालवणचा गाळ. कर्ली नदी आणि खाड्यांचं पाणी किनाऱ्याला येतं, त्यात बारीक रेती आणि चिखल असतो. उघड्या पिस्टनमध्ये, उदाहरणार्थ स्क्युबाप्रोच्या एमके२५मध्ये, कडेच्या भोकांतून समुद्राचं पाणी स्प्रिंग आणि पिस्टनच्या दांड्यापर्यंत जातं. यंत्र म्हणून तो उत्तम आहे, पण प्रत्येक डाइव्हनंतर ती भोकं नीट धुवावी लागतात, नाहीतर मीठ आणि रेती ओ-रिंग घासत राहतात. सील केलेल्या बॅलन्स्ड डायफ्राममध्ये (पिस्टनऐवजी लवचीक पडदा असलेल्या फर्स्ट स्टेजमध्ये), एमके१७ किंवा अॅपेक्स एक्सटीएक्स५०च्या जातीच्या, समुद्राचं पाणी आतल्या भागांपर्यंत पोचतच नाही. बोटीवर गोडं पाणी बादलीभर आणि धुणारे वीस जण असतील तर ही निवड शहाणपणाची. पिस्टन की डायफ्राम हा वाद डाइव्हर लोक चहाबरोबर तासभर घालतात. श्वासात फरक शोधून सापडत नाही, धुण्यात सापडतो.

बऱ्याच सेकंड स्टेजवर दोन कळा असतात आणि बरेच जण त्यांची गल्लत करतात. बाजूचा फिरवायचा नॉब व्हॉल्व्ह उघडायला किती ओढ लागेल ते ठरवतो. वरचा छोटा खटका, ज्यावर ‘प्री-डाइव्ह’ आणि ‘डाइव्ह’ किंवा अधिक-उणे चिन्हं असतात, तो व्हॉल्व्ह उघडल्यानंतर हवेचा झोत कुठे वळेल ते ठरवतो. बोटीवर आणि उडी मारताना खटका ‘प्री-डाइव्ह’वर हवा, नाहीतर तोंडातून सुटलेली सेकंड स्टेज पाण्यात पडताच फुसफुसत राहते. खाली गेल्यावर ‘डाइव्ह’वर. तो बदलायचा राहिला की लोक ‘रेग्युलेटर जड लागतो’ म्हणून तक्रार करतात. नॉब असला तर बरं, पण अडून बसण्यासारखं काही नाही. सेकंड स्टेजही बॅलन्स्ड मिळाली तर घ्या: आतली स्प्रिंग हलकी असते, सीटवर दाब कमी पडतो आणि मधला दाब थोडा हलला तरी श्वासात जाणवत नाही. धातूची सेकंड स्टेज उच्छ्वासातली वाफ थंड करून धरते, म्हणून घसा कमी कोरडा पडतो. पण ती जड असते आणि चाळीस मिनिटांनी जबडा बोलायला लागतो. अंदमानचं विमान पकडणाऱ्याला प्लास्टिकची बरी. माउथपीस मात्र स्वतःच्या तोंडात धरून बघा आणि न पटल्यास दुसरा लावून घ्या. सगळ्या सेटमध्ये हाच भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जाणवणारा.

ऑक्टोपसच्या बाबतीत दुकानदार बहुधा सेटबरोबर कुठलातरी फुकट जोडून देईल. तो घेऊ नका. तुमच्याच कंपनीचा, शक्यतो तेच किट लागणारा घ्या. ऑक्टोपस मुद्दाम थोडा घट्ट लावलेला असतो, आपोआप वाहू नये म्हणून, पण इतकाही नको की घाबरलेल्या माणसाला हवाच नाही असं वाटावं. प्रत्येक फेरीच्या पहिल्या डाइव्हला दोन-चार श्वास त्यातूनही घ्या. मुख्य होज (हवेची नळी) साधारण ७५ सेंटिमीटर, ऑक्टोपसची ९० ते १०० आणि पिवळी.

योक की डिन? आपल्याकडच्या बहुतेक सेंटरांत योक बसेल असेच सिलिंडर मिळतात. योकमध्ये ओ-रिंग सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये असते, म्हणजे भाड्याच्या सिलिंडरची ओ-रिंग चिरलेली असली की बोटीवर फुस्स. खिशात दोन-चार जादा ओ-रिंग ठेवा. डिनमध्ये ओ-रिंग तुमच्या रेग्युलेटरवर असते, जोड आटे फिरवून बसतो आणि ३०० बारच्या सिलिंडरवरही चालतो. योक २३२ बारपर्यंतच. दादाकडे जाऊन डाइव्ह करायचा बेत पक्का असेल तर डिन आणि सोबत योक ॲडॉप्टर घ्या. ॲडॉप्टरने फर्स्ट स्टेज थोडी मागे सरकते आणि मान वर केली की डोक्याला लागते, एवढाच त्रास. काही सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये मधोमध षट्कोनी भोकाची चकती असते. ती अॅलन की लावून काढली की तोच व्हॉल्व्ह डिन होतो. फक्त भारतात डाइव्ह करणार असाल तर योक घेऊन मोकळ्या व्हा. बऱ्याच फर्स्ट स्टेजचा जोड पुढे टेक्निशियन बदलून देऊ शकतो.

फर्स्ट स्टेजवर पोर्ट (होज जोडायची भोकं) किमान चार लो-प्रेशर आणि दोन हाय-प्रेशर असावेत, म्हणजे होज डावी-उजवीकडे नीट पडतात. होजवर कापडासारखं विणलेलं आवरण हलकं आणि छान दिसतं, पण अशा काही होजच्या आतलं अस्तर उष्ण-दमट हवेत कुजून स्फटिक होऊन हवा अडल्याची उदाहरणं डाइव्हरांच्या सुरक्षा संस्थेने, डॅनने, नोंदवली आहेत. विणलेली हवीच असेल तर आतलं अस्तर कशाचं आहे ते विचारा; नाहीतर साधी रबरी बरी. टोकांवरचं रबरी संरक्षक कव्हर मागे सरकवून बघत जा, गंज आणि चिरा त्याखालीच लपतात. आणि गेजची होज फुटली तर घाबरू नका: तिच्या तोंडाला अगदी बारीक भोक असतं, हवा हळू जाते. लो-प्रेशर होज फुटली तर सिलिंडर लवकर रिकामा होतो.

दुकानात करायच्या चाचण्या सांगतो. रेग्युलेटर सिलिंडरवर बसवा, व्हॉल्व्ह बंद, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून दाब काढा आणि श्वास ओढा. हवा अजिबात येता कामा नये. येत असेल तर डायफ्राम किंवा उच्छ्वासाची चकती फाटली आहे, पाण्यात तिथूनच पाणी येईल. मग व्हॉल्व्ह उघडा आणि बीसीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) होजला मधल्या दाबाचं गेज लावायला सांगा. पर्ज तीन-चारदा दाबा: सुई खाली जाते, झटकन वर येते आणि थांबते. पुस्तिकेत दिलेल्या आकड्यांच्या आत थांबली आणि पाच मिनिटं तिथेच राहिली तर सीट ठीक. थांबल्यासारखी होऊन हळूहळू चढतच राहिली तर हाय-प्रेशर सीट नीट बसत नाही. अशा रेग्युलेटरची सेकंड स्टेज काही वेळाने स्वतःहून फुसफुसू लागते आणि लोक उगाच सेकंड स्टेज दुरुस्त करत बसतात. तिसरी चाचणी पाण्याच्या बादलीत: सेकंड स्टेजचं माउथपीस वर, पर्ज बटण खाली धरून हळूहळू पाण्यात बुडवा. पाणी डायफ्रामच्या अडीच ते चार सेंटिमीटर वर आल्यावर हवा सुटायला लागली तर ठीक. फार आधी सुटली तर सैल, फार उशिरा सुटली तर घट्ट. नवा सेटही असा तपासा. विक्रेता नाक मुरडत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

कोकणातल्या वापरासाठी दोन-तीन सवयी लावून घ्या. धुण्याआधी फर्स्ट स्टेजची टोपी कापडाने पुसून घट्ट बसवा. सिलिंडरचा झोत मारून वाळवू नका, त्याने थेंब आत ढकलले जातात. दाब नसताना पाण्यात बुडवून पर्ज दाबू नका, पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. जमल्यास सिलिंडरवर दाब ठेवूनच धुवा, मग ही भीतीच नाही. वाळवायला सावलीत टांगा. जून ते सप्टेंबर मालवणचं डाइव्हिंग बंद असतं, तेव्हा सेट ओलसर पिशवीत कोंबून ठेवू नका: बुरशी येते, झुरळं माउथपीसमधून आत शिरतात. सर्व्हिसिंगला जूनमध्येच द्या. ऑक्टोबरात सगळ्यांना एकदम आठवण होते आणि किट संपलेलं असतं. नॉब असेल तर ठेवताना सैल करून ठेवा, म्हणजे सीटवर खाच पडत नाही.

नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचं) विचारलं नाहीत, तरी: बहुतेक रेग्युलेटर ४० टक्के ऑक्सिजनपर्यंत चालतात, पुस्तिकेत तसं लिहिलं आहे का तेवढं बघा. टायटॅनियमचे घेताना हे जास्तच बघा, ते सगळेच ऑक्सिजनयुक्त मिश्रणासाठी योग्य नसतात.

पैशांचं. तुमच्याकडे स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर नसेल तर आधी तो घ्या. भाड्याचा रेग्युलेटर दोन श्वासांत तपासता येतो, भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. तो असेल तर यादी अशी लावा: बॅलन्स्ड, सील केलेला डायफ्राम फर्स्ट स्टेज, मधल्या पट्टीची सेकंड स्टेज, त्याच घराण्याचा ऑक्टोपस, साधं पितळी गेज. पैसे कमी पडले तर सेकंड स्टेज एक पायरी खाली उतरवा, फर्स्ट स्टेज नको.

जुना सेट मिळत असेल तर सर्व्हिसिंगची नोंद मागा, किट अजून मिळतं का ते कंपनीच्या टेक्निशियनला विचारा आणि मधला दाब दोनदा मोजा, एकदा भरलेल्या सिलिंडरवर आणि एकदा ५० बारवर. बॅलन्स्ड असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतील. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी दिसणारा फिल्टरही बघा. हिरवा असेल तर आत समुद्राचं पाणी गेलंय, तांबूस असेल तर कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरमधला गंज आलाय, राखाडी-पांढरा असेल तर ॲल्युमिनियमची पूड. चकचकीत बाहेर आणि हिरवा आत असेल तर किंमत कमी करून घ्यायच्या फंदात न पडता परत द्या.